मोठ्या बोअरची रायफल: काडतूस ठरवता ठरवता (प्रकल्प नोंदी)

७ जानेवारी

ॲक्शन (रायफलीचा बोल्ट आणि त्याचा लोखंडी सांगाडा) एकदाची हातात आली. माउझर ९८ च्या धर्तीची, मॅग्नम लांबीची, सोबत खालचा मॅगझिनचा डबा, बाकी काही नाही, ना नळी ना स्टॉक. आधीच्या मालकाची .३७५ एच अँड एच (हॉलंड अँड हॉलंड) होती, त्यानं नळी स्वतःकडे ठेवली आणि उरलेला सांगाडा मला दिला. अर्धा तास नुसता बोल्ट मागेपुढे करत बसलो. मोठा पंजा असलेला एक्स्ट्रॅक्टर (काडतूस धरून बाहेर ओढणारा भाग) आहे, म्हणजे काडतूस डब्यातून वर आलं की लगेच त्याची कड पंजात सरकते, मग घाईत बोल्ट अर्धवट ओढून परत ढकलला तरी एक काडतूस दुसऱ्याच्या बुडावर जाऊन आदळत नाही. मला हेच हवं होतं.

काम काय ते लिहून ठेवतो, नाहीतर दोन महिन्यांनी मीच विसरेन. पुढच्या हंगामात परवान्यावरची केप बफेलोची शिकार, झुडपातून, चाळीस ते ऐंशी यार्डांवरून. त्याच सफरीत ईलँड किंवा कुडू दीडशे-दोनशे यार्डांवर दिसला तर त्यासाठी वेगळी रायफल न्यायची नाही. एकच रायफल, एकच काडतूस.

यादीत आत्ता सहा नावं आहेत (आकडा म्हणजे नळीच्या भोकाचं साधारण माप, इंचांत): .३७५ एच अँड एच, .४१६ रिग्बी, .४१६ रेमिंग्टन मॅग्नम, .४०४ जेफरी, .४५८ विन्चेस्टर मॅग्नम आणि .४५८ लॉट. यादी आपली म्हणायला, मनात एकच आहे, लॉट. ५०० ग्रेनची (ग्रेन म्हणजे गोळीच्या वजनाचं बारीक माप) गोळी, वेग २,३०० फूट प्रति सेकंद, ऊर्जा ५,८०० फूट-पाउंडांच्या वर, विषय संपला.

रात्री काकांना फोन केला (बॅरल बसवायचं, चेंबर, म्हणजे नळीतली काडतूस बसायची जागा, कापायचं सगळं काम तेच करणार आहेत, माझ्याकडे लाकूडकाम आणि घासाघाशी). मी लॉट म्हणालो तर म्हणाले, "बोल्टचं तोंड मोजलंस?" नाही मोजलं. "डब्याची आतली लांबी?" तीही नाही. "मग काडतुसाचं नाव कशाला घेतोस एवढ्यात."

१० जानेवारी

मोजलं. बोल्टच्या तोंडात बसणाऱ्या रिमचा (काडतुसाच्या बुडाच्या कडेचा) व्यास १३.५ मिमी, म्हणजे .५३२ इंच, एच अँड एच घराण्याचा. डब्याची आतली लांबी ९३ मिमीला थोडी कमी.

या दोन आकड्यांनी .४१६ रिग्बीचा निकाल लावला. रिग्बीचं पूर्ण काडतूस ९५ मिमीच्या वर जातं आणि बूड १५ मिमीचं. बोल्टचं तोंड मोठं करता येतं, डबाही नवा करता येतो, पण मग लॉकिंग लगच्या मागची भिंत पातळ, खालचं लोखंड कापायचं, रेल (डब्यावरच्या, काडतूस धरून ठेवणाऱ्या कडा) कापायच्या, एवढं सगळं एका जुन्या नावासाठी. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. १९११ चं काडतूस आहे, हॅरी सेल्बीसारख्या नावाजलेल्या शिकाऱ्यानं कितीतरी वर्षं तेच वापरलं. आणि एवढं मोठं असण्यामागं कारणही आहे: त्या काळची बंदुकीची दारू म्हणजे कॉर्डाइट, उन्हात तापली की तिचं प्रेशर चढायचं, म्हणून रिग्बीनं केस (काडतुसाचं पितळी कवच) प्रशस्त ठेवली आणि प्रेशर कमी ठेवलं, म्हणजे भर दुपारीही रिकामी केस चेंबरमध्ये चिकटून बसत नाही. तो गुण आजही खरा आहे, माझ्या ॲक्शनमध्ये मावत नाही एवढंच.

.४०४ जेफरीची रिम १३.८ मिमीची, पाव मिलिमीटरच्या आसपास तोंड घासलं की झालं. लांबी बसते. राहू दे यादीत.

१८ जानेवारी

काम काही नाही झालं, वाचत बसलो. एक गोष्ट मला नेहमी विचित्र वाटायची की ब्रिटिशांच्या जुन्या मोठ्या काडतुसांचे आकडे असे वेडेवाकडे का, .४६५, .४७०, .४७५, .४७६, जणू कुणी फासे टाकून ठरवलेत. कारण कळलं. १९०७ च्या सुमाराला ब्रिटिश सरकारनं हिंदुस्थान आणि सुदानात .४५० बोअरवर बंदी आणली, भीती अशी की मार्टिनी-हेन्री लष्करी बंदुकांना लागणारी गोळी बंडखोरांच्या हाती पडेल. तोवर .४५० नायट्रो एक्स्प्रेस ही सगळ्यांची आवडती होती, मग प्रत्येक बंदूकवाल्यानं कायद्याच्या पलीकडे चार पावलं टाकून आपापलं नवं काडतूस काढलं. म्हणजे हत्तीसाठी लागते म्हणून .४७० नाही, फाइलीतल्या हुकमामुळे .४७०. आपण मात्र त्या आकड्यांत काहीतरी गूढ विद्या शोधत बसतो.

.४५८ विन्चेस्टर मॅग्नम वाचून जवळजवळ काढलीच. १९५६ ची. कल्पना चांगली, साध्या लांबीच्या ॲक्शनमध्ये डबल (दोन नळ्यांच्या) रायफलीची ताकद, पण ६३.५ मिमीच्या केसमध्ये ५०० ग्रेनची गोळी बसवून पुरेशी दारू भरायची म्हणजे दारू दाबून भरावी लागायची, सुरुवातीच्या फॅक्टरी काडतुसांत ती दारू कालांतराने ढेकळासारखी घट्ट व्हायची आणि गोळी म्हणावी तशी पळायचीच नाही. जॅक लॉटला १९५९ मध्ये मोझांबिकमध्ये बफेलोनं लोळवलं, त्यातून वाचल्यावर त्याच्या डोक्यात जे बसलं त्यातून पुढं .४५८ लॉट आली, तीच केस पण ७१ मिमी लांब. दारूला जागा मिळाली, दाबादाबी संपली. शिवाय लॉटच्या चेंबरमध्ये .४५८ विन्चेस्टर चालते, म्हणजे अडचणीत कामाला येईल. आताच्या दारूवर विन्चेस्टरही बरी पळते म्हणतात, पण माझी ॲक्शन मॅग्नम लांबीची आहे, मग आखूड काडतूस घालून डब्यात अर्धं बोट रिकामं कशाला ठेवू.

यादीत आता चार. मन अजून लॉटवरच.

२५ जानेवारी

धक्क्याचं गणित मांडलं. अवघड काही नाही, पुढं जाणाऱ्या मालाचा संवेग तेवढाच रायफलीला मागं मिळतो. गोळीचं वजन गुणिले वेग, अधिक दारूचं वजन गुणिले साधारण ४,००० फूट (दारूचा वायू गोळीपेक्षा जोरात बाहेर पडतो, हे लोक धरत नाहीत आणि मग उत्तर कमी येतं), भागिले रायफलीचं वजन, की रायफलीचा मागं येण्याचा वेग मिळतो, आणि त्या वेगावरून धक्क्याची ऊर्जा, फूट-पाउंडांत.

नेहमीची .३०-०६, ८ पाउंडांची, २० फूट-पाउंड. .३७५ एच अँड एच, ९ पाउंडांची, ३०० ग्रेन २,५३० ला: ४० च्या आसपास. .४१६ रेमिंग्टन, ४०० ग्रेन २,४०० ला, १० पाउंडांची: ५२. लॉट, तीही १० पाउंडांची: ६९. गंमत म्हणून .४६० वेदरबीही मांडली, १०० आली, वही मिटली.

या आकड्यांत मला खटकलं ते वेगळंच. .३०-०६ वरून .३७५ वर गेलं की धक्का दुप्पट होतो आणि लोक म्हणतात .३७५ तर मऊ आहे. .३७५ वरून लॉटवर गेलं की परत पावणेदोनपट. मग तेच लोक म्हणतात सवय होते. सवय खरंच होते का, की आपण कुरकुर करायचं थांबवतो? मोजायला हवं.

८ फेब्रुवारी

रेंजवर गेलो, दोन ओळखीच्यांनी आपापल्या रायफली दिल्या, एक .३७५, एक लॉट. मोजायची पद्धत काकांनी सांगितली: मित्रानं प्रत्येक वेळी बोल्ट स्वतः भरून द्यायचा, आत कधी खरं काडतूस, कधी डमी, मला कळता कामा नये. डमीवर चाप ओढला की नळी जागची हलली की नाही ते दिसतं. धडाड आवाजाच्या मागे लपायला जागाच राहत नाही.

.३७५ वर चार डमी आल्या, एकदा किंचित हललो. लॉटवर पहिली डमी आली तेव्हा नळीनं अशी काही डुबकी मारली की मित्र हसून हसून खाली बसला, चार पैकी तीनदा तसंच. मला तोपर्यंत वाटत होतं की मी फार छान मारतोय, कारण लॉटच्या खऱ्या गोळ्या कागदावर तर लागत होत्या. कागदावर लागत होत्या म्हणजे काय, चाळीस यार्डांवर ताटाएवढ्या जागेत, आणि तेही बाकावर टेकून नाही, काठ्यांच्या तिवईवर उभं राहून, हे मान्य, तरी .३७५ चा तोच खेळ बशीएवढ्या जागेत होता.

दुसरी गोळी मारायला किती वेळ लागतो तेही पाहिलं. .३७५: पहिली गोळी, बोल्ट, दुसरी गोळी, साडेतीन सेकंद. लॉट: सहाच्या वर, कारण नळी वर उडते, गाल सुटतो, डोळा परत साइटवर यायला वेळ लागतो आणि मध्ये एक क्षण असा जातो की माणूस काहीच करत नाही, नुसता उभा असतो. त्या क्षणाची मला भीती वाटली.

९ फेब्रुवारी

खांदा निळा. बायको म्हणाली, "जनावर तिकडं आहे ना, मग मार तुला का बसलाय?" उत्तर नाही.

जुना हत्ती-शिकारी बेल, त्याची गोष्ट या वादात कुणी ना कुणी काढतंच, की त्यानं हजारावर हत्ती मारले आणि त्यातले पुष्कळसे .२७५ रिग्बीनं, म्हणजे ७x५७ नं. खरं आहे. पण तो ठोस गोळी वापरायचा, हत्तीच्या डोक्याची हाडं त्यानं अभ्यासली होती आणि जनावर बेसावध असताना नेम धरायचा. त्यावरून छोटी काडतुसं पुरतात असं निघत नाही, निघतं एवढंच की तो बेल होता. मी नाही. शिवाय आता नियम आहेत: आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी धोक्याच्या जनावराला किमान .३७५ धरतात आणि झिम्बाब्वेत हत्ती, बफेलो, हिप्पोसाठी नळीच्या तोंडाशी ५,३०० जूल आणि ९.२ मिमी असं मोजून दिलंय. .३७५ ची ऊर्जा साधारण ५,७८० जूल होते, म्हणजे दार उघडं आहे, पण चौकटीला डोकं लागेल एवढंच.

२२ फेब्रुवारी

आज .४१६ रेमिंग्टन मिळाली, उधारीवर, पावणेदहा पाउंडांची, साधी साइट. १९८८-८९ ची पैदास, म्हणजे या यादीतलं सगळ्यात तरुण काडतूस. तोच डमीचा खेळ. पाच डमी, दोनदा हललो, पण लॉटसारखी डुबकी नाही. दुसऱ्या गोळीला साडेचार सेकंद. शेवटच्या पाच-सहा फैरींत मी आवाज विसरून माशीकडे (नळीच्या टोकावरच्या साइटकडे) बघायला लागलो होतो आणि तिथंच मला कळलं की हे शिकता येण्यासारखं आहे. लॉटवर तसं एकदाही वाटलं नव्हतं.

घरी येऊन घुसण्याच्या ताकदीचं गणित, म्हणजे गोळीचं वजन (पाउंडात) भागिले व्यासाचा वर्ग. .३७५ ची ३०० ग्रेन: .३०५. .४०४ ची ४०० ग्रेन: .३१९. .४१६ ची ४०० ग्रेन: .३३०. .४५८ ची ५०० ग्रेन: .३४१. म्हणजे .४१६ ही .४५८ च्या पाठोपाठच आहे आणि वेग शंभर फूट जास्त. ठोस गोळी आरपार जाण्याच्या बाबतीत दोघींत मला फरक करवत नाही. भोक मोठं पडतं एवढा लॉटचा मुद्दा उरतो, तो खरा मुद्दा आहे, पण भोक योग्य जागी पडलं तर.

लांबच्या जनावराचं काय? १०० यार्डांवर नेम जुळवला तर २०० वर .३७५ साधारण पाच इंच खाली जाते, .४१६ साडेसहा. दीड इंच. ईलँडच्या छातीपुढे दीड इंच म्हणजे काहीच नाही, आणि .३७५ सपाट जाते हे मी इतकी वर्षं उगाच कौतुकानं सांगत होतो.

१ मार्च

.४०४ नं मध्येच डोकं वर काढलं. काकांकडे जुन्या .४०४ ची एक डमी होती, ती माझ्या ॲक्शनमध्ये हातानं सरकवून पाहिली, लोण्यात सुरी. लांब निमुळती केस, खांदा उतरता, अडायला कोपराच नाही. १९०५ च्या सुमाराचं डिझाइन, पूर्व आफ्रिकेतल्या गेम डिपार्टमेंटच्या माणसांनी वर्षानुवर्षं वापरलं. एच अँड एच घराण्याच्या केसला बुडाशी जाड पट्टा असतो, तो इथं नाही. मन डळमळलं.

पण गोळीचा व्यास .४२३. या मापाची गोळी फारसं दुसरं कुणी वापरत नाही, त्यामुळे निवड कमी, आणि सामान हरवलं तर अनोळखी गावात .४०४ मिळण्याची शक्यता किती? .३७५ मिळेल, .४५८ मिळेल, .४१६ बहुतेक मिळेल. काका म्हणाले, "तुला शंभर वर्षांपूर्वीचा माणूस व्हायचंय की रायफल हवीय?" मी म्हटलं दोन्ही. ते म्हणाले एक निवड.

७ मार्च

ठरलं. .४१६ रेमिंग्टन मॅग्नम.

कारणं आत्ताच लिहितो, नंतर सुचलेली कारणं जास्त शहाणी असतात म्हणून. बोल्टचं तोंड न कापता बसतं. लांबी बसते. १० पाउंडांच्या रायफलीत मी ते झेपवू शकतो, आणि दहापेक्षा हलकी करायची नाही हे आजच पक्कं, कारण ९ पाउंडांत तोच धक्का ५२ चा ५८ होतो.

एकाच गोष्टीची धाकधूक होती, प्रेशर. रेमिंग्टननं रिग्बीचंच काम लहान केसमध्ये करून दाखवलं, त्याची किंमत म्हणजे ६५,००० पीएसआयची (दर चौरस इंचाला पाउंड) मर्यादा, रिग्बीची युरोपीय मर्यादा ४७,००० च्या आसपास आहे. उन्हात तापलेलं काडतूस आणि चिकटलेली केस नको असेल तर सोपा उपाय आहे, शेवटचे शंभर फूट सोडून द्यायचे. २,४०० ऐवजी २,३०० ला ४०० ग्रेन अजूनही ४,७०० फूट-पाउंड देते, धक्का ५२ वरून ४७ वर येतो आणि बफेलोला तो शंभर फुटांचा फरक मोजायला सवड नसते.

.३७५ वर फुली मारताना हात थांबला. शहाणपणाचं उत्तर तेच होतं, सगळे तेच सांगतात आणि बरोबरच सांगतात. एकाच रायफलीवर आयुष्य काढायचं असतं तर तीच घेतली असती. पण माझ्याकडे मधल्या मापाची रायफल आहे आधीच, ही त्याच्या वरची हवी होती.

२१ मार्च

नळी आली. २४ इंच, पीळ १४ इंचात एक वेढा. काकांच्या काट्यावर ठेवली तर अंदाजापेक्षा हलकी, आणि मग लक्षात आलं की बाहेरून तोच आकार ठेवून आत मोठं भोक पाडलं की लोखंड कमी होतंच. .३७५ च्या त्याच बाह्य आकाराच्या नळीपेक्षा सत्तरएक ग्रॅम कमी, .४५८ असती तर दीडशेच्या आसपास. म्हणजे धक्का वाढत जातो तशी रायफल आपोआप हलकी होत जाते, उलटाच कारभार. हे कुठल्याच तक्त्यात नव्हतं. पुढच्या भागाची जाडी थोडी जास्त ठेवायला सांगितली होती ते बरं झालं.

४ एप्रिल

चेंबर कापून झालं, नळी बसली, हेडस्पेस (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली सैल जागा) बरोबर. मग मी उत्साहात चार डमी (दारू नाही, ती पेटवणारी टोपी नाही, नुसती केस आणि गोळी) डब्यात भरल्या. पहिली गेली. दुसरी गेली. तिसरी अर्ध्यात अडकली, नाक खाली, बूड वर. परत भरल्या, परत तिसरीच. स्प्रिंगला शिव्या घातल्या, फॉलोअर, म्हणजे काडतुसं वर ढकलणारी पट्टी, घासला (नको होतं घासायला), काही फरक नाही.

संध्याकाळी काकांनी डबा हातात घेतला आणि मागची नाही, पुढची रुंदी मोजली. २१ मिमीला थोडी जास्त.

आता हे नीट लिहितो कारण एवढं साधं असून मला सुचलं नव्हतं. माउझरच्या डब्यात काडतुसं डावी-उजवी रचलेली असतात, लागोपाठची कोणतीही तीन घेतली तरी समभुज त्रिकोण व्हायला हवा, प्रत्येक दुसऱ्या दोघांना टेकलेलं. तसं व्हायचं तर डब्याची रुंदी म्हणजे काडतुसाचा व्यास गुणिले १.८६६. बुडाशी पट्टा १३.५ मिमी, म्हणून मागं साधारण २५.२ मिमी, ती माझी बरोबर होती. पण पुढं, खांद्यापाशी? .३७५ एच अँड एच ही निमुळती केस, खांद्याशी ११.४ मिमी, म्हणजे २१.२ मिमी रुंदी. .४१६ रेमिंग्टन त्याच घराण्यातली असली तरी तिचं अंग फुगवून सरळ केलेलं आहे, खांद्याशी १२.४, म्हणजे २३.१ हवी. डबा .३७५ साठी बनलेला. त्यात माझी काडतुसं पुढच्या बाजूला एकावर एक चढून बसत होती, बाजूला सरकायला जागाच नाही, आणि दाब सगळा तिसऱ्यावर.

म्हणजे मी सहा आठवडे बुडाचा व्यास धरून "बसतं, बसतं" म्हणत होतो आणि अडचण खांद्यात होती. माझ्याही आणि काडतुसाच्याही.

१८ एप्रिल

डब्याच्या पुढच्या भिंती दोन्ही बाजूंनी एकेक मिलिमीटर बाहेर काढल्या, वेल्ड करून पत्रा बदलावा लागला, खाली लाकडात त्याप्रमाणे जागा. मग रेल. रेलला हात लावताना काकांनी मला लांब उभं केलं, कारण घासलेली रेल परत भरता येत नाही. ते चार वेळा कानस फिरवणार, डमी सरकवून बघणार, डमीवर काळ्या शाईच्या खुणा, कुठं घासतंय ते बघणार, परत दोन वेळा. साडेतीन तास. शेवटी चारही डमी गेल्या, हळू ढकलल्या तरी, जोरात ढकलल्या तरी, आणि रायफल आडवी धरून, उलटी धरूनही.

एक गंमत कळली: लॉटची केस त्याच जागी मोजली तर तीही १२.४ च्या आसपासच भरते. म्हणजे हाच डबा उद्या लॉटलाही चालेल, नळी रीबोर करून चेंबर पुन्हा कापलं की झालं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी काही बोललो नाही.

९ मे

स्टॉक. अक्रोड, रेषा मनगटातून सरळ जाणाऱ्या, वरचा भाग फार देखणा नाही पण मला देखणा नकोय, फुटणार नाही असा हवाय. नळीखाली दुसरा रिकॉइल लग (धक्का लाकडावर घेणारा लोखंडी ठोकळा), दोन आडवे बोल्ट, दोन्ही लगच्या मागं इपॉक्सी. आणि टँगच्या (ॲक्शनच्या मागच्या शेपटीच्या) मागं पोस्टकार्डाच्या जाडीची फट सोडली. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं फिटिंग ढिलं राहिलं, पण ती फट नसेल तर प्रत्येक धक्क्याला टँग पाचरीसारखी लाकडात घुसते आणि विसाव्या-तिसाव्या फैरीला मनगटाशी चीर जाते. मोठ्या बोअरच्या फुटलेल्या जुन्या स्टॉकचे फोटो बघितले तर बहुतेक चीर तिथूनच सुरू झालेली दिसते.

बटाची रेषा शक्य तितकी सरळ ठेवली. जुन्या स्टॉकांना खालती उतार फार असायचा, त्यानं नळी वर उडते आणि गालाला ठोसा बसतो. वजन सगळं धरून, साइट आणि चार काडतुसांसकट, साडेदहा पाउंड. बरोबर हवं तेवढं.

२४ मे

पहिल्यांदा फैरी. पहिल्या दोन रायफल टायरला बांधून, दोरीनं, आम्ही भिंतीआड. केसा तपासल्या, सगळं ठीक. मग मी खांद्याला लावली, डब्यात तीन भरल्या.

पहिली छान. दुसरी छान. दुसरीच्या धक्क्यानं खालची फ्लोअरप्लेट (डब्याचं तळाचं झाकण) उघडली आणि उरलेलं काडतूस माझ्या बुटावर पडलं. मी तसाच नेम धरून बोल्ट मारला, चाप ओढला, टक. समोर खरंच बफेलो असता तर त्या "टक"चा अर्थ काय झाला असता ते मला जेवताना आठवत राहिलं. (बाय द वे, त्या क्लिकवर नळी हलली नव्हती, मित्रानं पाहिलं. एवढंच काय ते समाधान.)

कारण उघड आहे, फ्लोअरप्लेटचा खटका .३७५ च्या धक्क्याला पुरत होता, स्प्रिंग मऊ आणि दात उथळ.

३१ मे

खटक्याचा दात खोल केला, स्प्रिंग दुप्पट कडक. आता उघडायला नखानं भागत नाही, अंगठ्यानं जोर लावावा लागतो, चालेल. वीस फैरी मारल्या, प्लेट जागची हलली नाही.

दुसरी गोष्ट डब्यात खाली राहिलेल्या काडतुसांची. प्रत्येक धक्क्याला ती पुढच्या भिंतीवर आपटतात, मऊ नाकाच्या गोळ्यांची टोकं चपटी झाली होती, त्याचं एवढं काही नाही, पण एका काडतुसात गोळी केसमध्ये किंचित आत सरकलेली सापडली. आत सरकली की प्रेशर वाढतं. म्हणजे क्रिंप (केसच्या तोंडाची गोळीवरची पकड) घट्ट हवा, आणि सफरीवर सकाळी भरलेली तीच काडतुसं तीन-चार फैरींनंतर तळाशी तशीच ठेवायची नाहीत, वर-खाली करत राहायचं.

वेग मोजला, ४०० ग्रेन, दहा फैरींची सरासरी २,३१८. केसा बोटानं निघतात, उन्हात अर्धा तास ठेवलेल्या काडतुसांच्याही. तिवईवरून पन्नास यार्डांवर तीन गोळ्या बशीत. दोन फैरींना चार सेकंद.

ठोस गोळ्या मऊ गोळ्यांपेक्षा पन्नास यार्डांवर दीड इंच डावीकडे आणि थोड्या वर जातायत. दोन्ही एकाच जागी जाणारी जोडी शोधायची की साइट ठोस गोळीवर जुळवून मऊ गोळीचं अंतर लक्षात ठेवायचं ते पुढच्या वेळी बघू, आधी दुसऱ्या वजनाच्या मऊ गोळ्यांचा डबा उघडतो. माशी एक कानस उंच राहिलीय असंही वाटतंय, पण ती सगळ्यात शेवटी घासायची.